अर्ध्यांची वस्ती

पडद्यावरची हिरवी रेघ शून्य पूर्णांक तीन शतांश इतकीच वर चढली आणि परत खाली बसली. प्रश्नाचे तिसरे वाक्य संपल्यानंतर एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांनी ती हलली होती, म्हणजे वेळ बरोबर होती. उंची तेवढी नव्हती. बशीतल्या चहावर फुंकर घातली की जो तरंग उठतो, तो याहून मोठा असतो.

यशोधरा रामटेके रेघेकडे पाहत राहिली. मग तिने खुर्चीत बसलेल्या बाईच्या हाताकडे पाहिले. डाव्या हाताची दोन बोटे चांदीच्या दोन चकत्यांवर टेकलेली होती. राखेच्या विटा उचलून उचलून त्यांची कातडी इतकी राठ झाली होती, की चकतीवर ठेवताना वाळक्या पानासारखा आवाज आला होता.

"झालं काय व?" पंचफुलामावशीने विचारले. "का अजून वाचून राह्यला तो बुवा?"

बुवा म्हणजे यंत्रातला आवाज. तो प्रत्येक मतदाराला प्रश्न वाचून दाखवी, सपाट सुरात, कुठेही जोर न देता.

"झालं, मावशी. काढ हात."

"काय म्हंते माही रेघ?"

"ही सरावाची मोजणी आहे. खरी रविवारी."

"ते नाही इचारलं मी."

यंत्राने चिठ्ठी बाहेर टाकली. मावशीने ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि समाजमंदिराच्या दारातल्या रांगेकडे वळून म्हणाली, "घ्या. शून्य पॉइंट बावन्न. मीबी अर्धीच हाय."

रांगेत हसू उठले. "अर्ध्याच्या वर दोन हाय न, काकू," मागून कोणी म्हणाले. "पेढे वाटा."

अंबरखेडच्या त्या वस्तीला गावात आता कोणी वीटभट्टी वस्ती म्हणत नसे. अर्ध्यांची वस्ती म्हणत. आधी ते नाव बाहेरच्यांनी ठेवले, मग वस्तीनेच उचलले. 'ए अर्ध्या, सायकल दे जरा,' असे माणसे एकमेकांना सहज हाकारत. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले शाळेचे गुरुजी तेवढे एकच्या वर गेले होते. त्यांना सगळे सव्वागुरुजी म्हणत, आणि त्यात थोडा आदरही असे.

यशोधरा याच वस्तीत वाढली होती. आई लवकर गेली. मावशीने तिला आणि स्वतःच्या करुणाला एका ताटात जेवू घालून मोठे केले. यशोधरा शिकत शिकत शरीरशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत गेली. करुणा वीटभट्टीवर गेली. आता यशोधरा मतमापन मंडळाची साक्षी अधिकारी होती, म्हणजे तिने 'खरे' म्हटल्याशिवाय जिल्ह्यातले कुठलेही मतयंत्र सुरू होत नसे. करुणा चार वर्षांपूर्वी वारली होती.

*

झळांकाचा कायदा आला तेव्हा लोक पैसेवाल्यांच्या निवडणुकांना कंटाळलेले होते. मत प्रत्येकाला एकच, पण सभा, जाहिराती, वर्तमानपत्रे आणि उमेदवारही मूठभरांच्या खिशातले. अशा वेळी यशोधराचे गुरू डॉ. विश्राम ठोसर यांनी एक साधी गोष्ट मांडली. शहराच्या कामांवर लोकांनी थेट मत द्यावे. आणि ज्याला त्या निर्णयाची झळ जास्त लागणार, त्याच्या मताचे वजन जास्त असावे. श्रीमंताला ज्याची गंमत वाटते, त्याने गरिबाचा जीव जातो. हा फरक मोजता आला, तर पैशाचे पारडे आपोआप हलके होईल.

फरक मोजायचा कसा, हे माणसाच्या तळहाताने सांगितले. शरीराला घाम येतो तो उन्हाने. तळहाताला आणि बोटांना येतो तो मुख्यतः मनाने. जिवाशी संबंधित काही कानावर पडले की एक ते तीन सेकंदांत मज्जातंतूंचा निरोप बोटांच्या घामाच्या नळ्यांपर्यंत पोहोचतो. नळ्यांत खारट पाणी चढते. त्या क्षणी बोटांतून वीज किंचित सोपेपणाने वाहते. हा किंचितपणा यंत्र मोजते. ठोसर सर व्याख्यानात म्हणत, "मत विकत घेता येतं. घाम विकत घेता येत नाही."

मोजलेल्या उंचीवरून झळांक ठरे, कमीत कमी अर्धा, जास्तीत जास्त दोन. कोणाचे मत पूर्ण पुसले जाऊ नये म्हणून अर्धा. प्रत्येकाची रेघ त्याच्या स्वतःच्या एरवीच्या रेघेशी ताडून पाहावी, असे सुरुवातीला ठोसरांच्या मनात होते. कायदा करणाऱ्यांना ते पटले नाही. मोजपट्टी सर्वांना एकच हवी, समतेचा कायदा आहे, असे ते म्हणाले. मग एकच मोजपट्टी ठरली. ती तयार केली यशोधराने, नऊ वर्षांपूर्वी, सव्वीस वर्षांची असताना.

रविवारचा प्रश्न असा होता: औष्णिक वीज प्रकल्पाच्या राखेचा दुसरा तलाव कुठे बांधायचा? वस्तीच्या विहिरींपासून साठ मीटरवर, की वनश्री कॉलनीच्या मागे, दीड किलोमीटरवर? झळ या दोघांनाच लागणार, म्हणून मतदान या दोन वॉर्डांतच. वस्तीचे मतदार चार हजार शंभर. वनश्रीचे तेराशे.

पहिल्या तलावाचा प्रश्न सात वर्षांपूर्वी असाच आला होता. तोही वस्तीकडेच गेला. चार वर्षांपूर्वी एका पहाटे त्याचा बांध फुटला आणि ओली राख वस्तीच्या खालच्या गल्लीत शिरली. नऊ माणसे गेली. त्यांत करुणा होती.

*

त्याच दुपारी वनश्री कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये सरावाची मोजणी झाली. आत गारवा होता. तिथे रेघा अशा उसळत होत्या, की यशोधराला पडद्याचे माप दोनदा बदलावे लागले.

"मागच्या वेळी माझा एक पॉइंट सात चार होता, मॅडम," निवृत्त अभियंता असलेले एक गृहस्थ म्हणाले. "या वेळी एक आठ आठ. गुरुवारच्या वर्गाचा परिणाम."

"कसला वर्ग?"

"संवेदन वर्ग. डोळे मिटून बसायचं. नातवंडं राखेत खेळताहेत, खोकताहेत असं डोळ्यांसमोर आणायचं. पहिले दोन आठवडे काहीच होत नाही. मग एकदम येतं. आमच्या सौ.ला तर रडूच फुटलं." त्यांनी हसून हात पुसला. "यात गैर काही नाही ना? मतदार जागरूक असावा, असं मंडळच सांगतं."

नियमात तसे गैर काही नव्हते.

त्यांच्यानंतर रेवती देशकर नावाची तरुण बाई बसली. तिची रेघ कोणत्याही वर्गाशिवाय उंच गेली. "माझ्या मुलाला दमा आहे," ती हळूच म्हणाली. "मी नाटक करत नाही."

"माहीत आहे मला," यशोधरा म्हणाली. ते खरेच होते. रेघ खोटी नव्हती. या बाईला जन्मभर स्वच्छ हवा मिळाली होती, म्हणून ती जाण्याची कल्पनाही तिचे शरीर सहन करत नव्हते.

परतताना जीपमध्ये यशोधराने कागदावर हिशेब केला. वस्तीची सरासरी शून्य पॉइंट बावन्न. चार हजार शंभर गुणिले बावन्न शतांश, दोन हजार एकशे बत्तीस. वनश्रीची सरासरी एक पॉइंट सात. तेराशे गुणिले एक पॉइंट सात, दोन हजार दोनशे दहा. फरक अठ्ठ्याहत्तर. तेराशे माणसे चार हजार शंभरांना हरवणार होती, आणि तेही कोणी कोणाला एक पैसा न देता.

तिने कागदाची घडी घातली. आकडे पाहून तिला आश्चर्य वाटले नाही, आणि हेच तिला बोचत होते.

*

नऊ वर्षांपूर्वी मोजपट्टी बनवण्यासाठी दोनशे बारा माणसे लागली होती. कॉलेजातले विद्यार्थी, बँकेतले कारकून, शिक्षक, दुकानदार. कष्टकरीही हवेत म्हणून यशोधराने भट्टीवरचे चाळीस जण आणले. त्यांना मावशीनेच गोळा केले होते. "माह्या पोरीची परीक्षा हाय, चाला," असे म्हणून. प्रत्येकाला चहा आणि एक स्टीलचा डबा दिला होता.

या शाखेत एक जुना रिवाज आहे. कुठल्याही गटात थोड्या माणसांची रेघ हलतच नाही. त्यांना 'प्रतिसादहीन' म्हणतात आणि वगळतात. पाठ्यपुस्तकात तसे लिहिलेले आहे. साधारण दहात एक. यशोधराच्या गटात ती एकतीस निघाली, म्हणजे सातांत एक. जरा जास्त होती, पण तिने रिवाजाप्रमाणे वगळली. मोजपट्टी उरलेल्या एकशे एक्याऐंशी जणांवर बेतली.

प्रबंध छापायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिने वगळलेल्यांची यादी पुन्हा पाहिली. एकतीसपैकी सत्तावीस भट्टीवरचे होते. एकशे चाळीस क्रमांकाची पंचफुला.

कारण शोधायला तिला एक दुपार पुरली. सतत ताणात राहिलेले शरीर पुढे पुढे ताणाला उत्तर देणेच सोडून देते. तेच ते दुखणे रोज आले, की मज्जातंतू त्याची बातमी पुढे पाठवत नाहीत. त्याशिवाय शरीराला जगताच येणार नाही. वरून राठ कातडी. म्हणजे ज्यांच्यासाठी यंत्र बनवले, त्यांचेच ऐकू न येणारे यंत्र तिने बनवले होते. झळ जाणवायला माणूस आधी काही वर्षे सावलीत बसलेला असावा लागतो.

तिने एकोणनव्वदाव्या पानावर तळटीप लिहिली: 'वगळलेल्या व्यक्तींमध्ये श्रमिकांचे प्रमाण अधिक आढळले. याचा पुढे अभ्यास व्हावा.' पुढे अभ्यास झाला नाही. कायदा झाला, तिला नोकरी मिळाली, आणि दर वर्षी ती ठरवत असे, की या वर्षी बोलायचे. पहिल्या तलावाच्या वेळी बोलायचे असे ठरवले होते. बांध फुटल्यावर बोलायचे असे ठरवले. पण तेव्हा बोलणे म्हणजे करुणा कशाने गेली हे मावशीला सांगणे होते.

*

ठोसर सर मतदानासाठी दोन दिवस आधीच आले होते आणि विश्रामगृहात उतरले होते. यशोधरा सकाळी भेटायला गेली तेव्हा ते व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दाणे एका वाटीत, टरफले वर्तमानपत्रावर. एकाहत्तर वर्षांचे, हात अजून स्थिर.

तिने कागद पुढे ठेवला. त्यांनी आकडे वाचले.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "मागच्या वेळी दोनशे होता. वस्ती सुधारतेय."

"सर, त्या एकतीस जणांबद्दल बोलायचंय."

त्यांनी एक शेंग फोडली. "पान एकोणनव्वद."

तिने कागद परत हातात घेतला.

"मी तुझा मार्गदर्शक होतो, यशोधरा. तळटिपासुद्धा वाचत होतो." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मला वाटलं, तू येशील आणि सांगशील. तू आली नाहीस. मग मला वाटलं, तुलाच महत्त्वाचं वाटत नसेल, तर मी कशाला?"

"तुम्ही माझी वाट बघत होतात?"

"सोयीचं होतं तसं मानणं."

एक खार टरफलांपाशी येऊन गेली.

"आता सांगते," यशोधरा म्हणाली. "रविवारी मी साक्ष देणार नाही."

"बस आधी." त्यांनी दाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. "कलम चौदा पाठ आहे ना तुला? साक्षी अधिकाऱ्याने मापन खोटं म्हटलं, की त्या मोजपट्टीवर झालेले सगळे निर्णय स्थगित. अंबरखेडचे तेवीस. वस्तीतला दवाखाना त्यात आला. फिरती बस आली. घरभाड्याची मर्यादा आली. शहर प्रशासकाच्या हाती जाईल, आणि प्रशासक कोणाच्या हाती असतो, ते मी तुला सांगायला नको. माझं आयुष्य जाऊ दे. यंत्राआधीचे दिवस आठव."

"दवाखान्याला वनश्रीचा विरोध नव्हता, सर. बसलाही नव्हता. त्यांच्या रेघा तेव्हा हलल्याच नाहीत, म्हणून आपण जिंकलो."

"जिंकलात ना पण?"

"म्हणजे त्यांना ज्याचं काही पडलेलं नाही, तेवढंच गरिबांना मिळतं. तेवढं तर यंत्राआधीही मिळत होतं."

ठोसरांनी उरलेल्या शेंगा बाजूला सारल्या. टरफले त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, कडा नीट आत घातल्या.

"रविवार जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "मग आपण दोघं मिळून मंडळापुढे दुरुस्ती मांडू. रीतसर. तू रविवारी बोललीस, तर तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल. नऊ वर्षांचा. सात वर्षं शिक्षा आहे."

"आणि तलाव?"

"तलाव बांधायला दीड वर्ष लागतं."

"पहिल्यालाही तेवढंच लागलं होतं, सर."

तरीही ती उठली तेव्हा 'बरं' असे म्हणून उठली. ते होकारासारखे ऐकू गेले असणार, कारण सर निश्चिंत दिसले.

*

शनिवारी संध्याकाळी ऊन उतरायच्या आत ती मावशीकडे गेली. मावशी दारात पाटावर बसून फवारा ओढत होती, छातीसाठी दवाखान्यातून मिळालेला. दोनदा दाबून तिने तो पदराच्या गाठीत बांधला.

"ये व यशू. साक्षीबाई आली," ती शेजारणीला ऐकू जाईल असे म्हणाली. "चहा ठेवू?"

"नको. बस तू."

"मशीननं देल्लेला दवाखाना हाय न, तिथलं हे औषध. नाही तं मी गेलीच असती तुह्या बहिनीमागं." मावशीने तिला जवळ बसवले. "लोक काय काय बोलतात मशीनले. मी म्हंतो, माही पोरगी हाय त्याच्यावर. ते खोटं कसं बोलन?"

यशोधरा वाक्य मनात जुळवूनच आली होती. मावशी, यंत्र चुकतंय. ते मी चुकवलंय. सहा शब्द होतात, तिने मोजले होते.

"एक सांगू काय तुले," मावशीच पुढे बोलली. "उद्या त्या खुर्चीत बसलो का मी करुनेले आठवीन. तिचं ते राखेतलं तोंड. मंग तरी हालन का नाही रेघ?"

"परवा कशाचा विचार करत होतीस, मावशी?"

"परवाबी तेच." मावशीने पदराची गाठ चाचपली. "मनूनच इचारलं. पोटची पोरगी आठवली अन् मशीन म्हंते, हिले अर्धंच वाटलं. मले वाटलं, मीच दगड झालो का काय. रात्रभर तेच डोस्क्यात. आई हावो का कोन हावो मी?"

"नाही, मावशी. तसं नाही."

"मंग कसं?"

आता ते सहा शब्द बोलायचे होते. शेजारीण भांडी घासायची थांबून ऐकत होती. मावशीच्या पदराच्या गाठीत औषध होते.

"कातडी," यशोधरा म्हणाली. "भट्टीवरच्या कामाने बोटांची कातडी जाड होते. जाड कातडीतून नीट कळत नाही यंत्राला."

मावशीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "एवढंच व्हय? आधी नाही सांगायचं काय माय?" ती शेजारणीकडे वळली. "आयकलं काय व? कातडीनं होते मनते यशू. आपलं काळीज बरोबर हाय."

यशोधरा घरी आली. आपण खोटे बोललो नाही, असे तिने स्वतःला दोनदा सांगितले.

*

रविवारी सकाळी सात वाजता समाजमंदिरापुढे चारशे माणसांची रांग होती. मतदान सुरू होण्याआधीचा विधी ठरलेला होता. दोन्ही वॉर्डांचे प्रतिनिधी समोर बसत. साक्षी अधिकारी स्वतःची बोटे यंत्रावर ठेवून तपासणी करी. मग उभी राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात दोन वाक्ये म्हणे: 'मापन खरे आहे. मी साक्षी आहे.' ते ध्वनिमुद्रित होई. यंत्राचे कुलूप त्या आवाजाशिवाय उघडत नसे.

ठोसर सर पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी तिला पाहून मान हलवली. त्यांच्या शेजारी वनश्रीचे ते अभियंते होते, पांढरा सदरा, हातात पाण्याची बाटली.

यशोधराने तपासणी केली. मशीन उत्तम चालत होते. तिचा स्वतःचा झळांक एक पूर्णांक चार दशांश निघाला. पंधरा वर्षे ती वस्तीबाहेर राहत होती.

रांगेत सर्वांत पुढे मावशी उभी होती. धुतलेले पातळ, केसांना तेल. तिने डावा हात उजव्या हातात धरला होता.

"काय झालं हाताला?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "घासली जराशी. टाचा घासाच्या वजरीनं."

तिने हात पुढे केला. तर्जनी आणि मधले बोट यांच्या टोकांची कातडी पार गेली होती. खालचे मांस गुलाबी दिसत होते, एका जागी रक्त सुकले होते.

"भाकर थापता नाही आली मंग रात्री," मावशी हसली. "पन आता तं आयकनच न मशीन?"

यशोधराने मान वर केली. मावशीच्या मागे उभ्या असलेल्या शेजारणीने आपली दोन बोटे दाखवली. तिच्यामागच्या तरुणाने दाखवली. त्याने वजरी न वापरता विटेच्या तुकड्यावर घासली असावीत, रेघोट्या उमटल्या होत्या. मग रांगेभर हात वर होऊ लागले, वळणापर्यंत आणि वळणाच्या पलीकडे. प्रत्येकाची डाव्या हाताची दोन बोटे, लाल. काहींनी त्यांना हळद लावली होती. कोणी कुरकुरत नव्हते. शाळेत नखे तपासायला दाखवावीत, तशी ते दाखवत होते.

"साऱ्यायले सांगतलं मी," मावशी म्हणाली. "तू मनली होतीस न."

सोललेल्या बोटाचे काय होते, हे यशोधराला ठाऊक होते. वरची कातडीच नसली, की वीज सारखी एकसुरी वाहत राहते. घामाचा उठाव त्यात दिसतच नाही. रेघ वर जाऊन सपाट होते, आणि सपाट रेघेचा झळांक एकच असतो. अर्धा. बावन्न शतांशसुद्धा नाही. वरचे दोन शतांशही गेले.

"मॅडम," वनश्रीचे प्रतिनिधी घड्याळ बघत म्हणाले, "सात वाजून चार मिनिटं."

ती यंत्रापाशी परत आली. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. ठोसर सरांनी तिच्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले. वर केलेले हात त्यांनाही दिसले असावेत, कारण त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा घातला नाही.

मावशी कौतुकाने तिच्याकडे बघत होती. आपली पोरगी आता चारचौघांत बोलणार, म्हणून तिने मागच्यांना हाताने गप्प बसायची खूण केली. त्या हाताचे बोट पुन्हा भळभळले होते.

यशोधराने दोन्ही हात टेबलावर टेकवले. बोटांना घाम आला होता. आवाज मात्र स्थिर निघाला, समाजमंदिराच्या दारापर्यंत जाईल एवढा.

"मापन खोटे आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षांपासून खोटे आहे, आणि करुणा त्यानेच गेली. मी साक्षी आहे."